काळी खार ही वेगळी जात नाही

इंग्लंडमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो: काळ्या खारी ही वेगळी, जास्त आक्रमक जात असून ती करड्या खारींना हुसकावून लावते. हे चूक आहे. तिथली काळी खार ही करडी खारच आहे. केसांचा रंग ठरवणाऱ्या एमसी१आर जनुकातला डीएनएच्या २४ अक्षरांचा तुकडा गळाला की केसांत काळं रंगद्रव्य वाढतं. बदललेल्या जनुकाची एक प्रत मिळाली तर रंग तपकिरी-काळा, दोन मिळाल्या तर कुळकुळीत काळा. म्हणून एकाच वेताची पिल्लं करडीही असतात आणि काळीही!

हा जनुक तिथे उत्तर अमेरिकेतून आणलेल्या खारींबरोबर आला. मोकळ्या रानातली पहिली नोंद १९१२ची. पुढचा प्रसार करड्या खारींशी जुळलेल्या जोड्यांतून झाला. त्याला आक्रमण म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिथल्या मूळच्या तांबड्या खारींना मात्र करड्यांचा खरंच फटका बसला, मग रंग कोणताही असो.