तेंगिझ म्हणजे समुद्र : कझाकस्तानच्या तेलाची वाट

कझाक भाषेत 'तेंगिझ' म्हणजे समुद्र. ज्या देशाला महासागराचा वीतभरही किनारा नाही, त्या देशातल्या सर्वांत मोठ्या उत्पादक तेलक्षेत्राचे हे नाव आहे. कझाकस्तानला कॅस्पियनचा लांबलचक किनारा आहे, पण कॅस्पियनमधून जहाज बाहेरच्या समुद्रात न्यायचे तर रशियाच्या नद्या-कालव्यांतूनच न्यावे लागते. तिथल्या परदेशी भागीदारीच्या प्रकल्पांविषयी लिहिताना बहुतेक जण कोणाचा हिस्सा किती टक्के, यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात वाटेपासून करायला हवी. तेल कोणाचे, याइतकाच ते कोणाच्या अंगणातून जाते हा प्रश्न तिथे मोठा आहे.

या भूमीत तेल सापडले ते फार पूर्वी. १८९९ मध्ये काराशुंगुल येथे पहिली विहीर लागली. पण आजच्या कझाकस्तानचे नशीब ठरले १९७९ मध्ये. त्या एकाच वर्षी कॅस्पियनच्या ईशान्य काठाजवळ तेंगिझ आणि देशाच्या वायव्येकडे अक्साय गावाजवळ कराचागानाक अशी दोन अजस्र क्षेत्रे सोव्हिएत भूशास्त्रज्ञांना सापडली. तेंगिझचे तेल सुमारे चार किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली आणि हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने भरलेले. जून १९८५ मध्ये तिथली ३७ क्रमांकाची विहीर फुटली आणि पेटली. ज्वाळा सुमारे २०० मीटर उंच गेल्या. ही आग विझायला वर्षाहून अधिक काळ लागला, जुलै १९८६ उजाडला. गंज आणि विषारी वायू सोसू शकणारे पोलाद, झडपा आणि शुद्धीकरणाची यंत्रे सोव्हिएत उद्योगाकडे पुरेशी नव्हती. परदेशी कंपनी तिथे आली त्याचे मूळ या आगीत आहे.

आपल्याकडच्या मुंबई हायचे प्राथमिक भूकंपमापन सर्वेक्षणही १९६० च्या दशकात एका सोव्हिएत जहाजानेच केले होते. पण १९७४ मध्ये तेल लागल्यावर ते नळाने उरणला आणायला कोणाची परवानगी लागली नाही. किनारा आपला, समुद्र आपला. तेंगिझचे दुखणे इथेच वेगळे पडते.

शेव्हरॉन या अमेरिकी कंपनीची बोलणी सुरू झाली ती गोर्बाचेव्ह यांच्या मॉस्कोशी. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि टेबलाच्या पलीकडची बाजूच बदलली. आता समोर होते नूरसुलतान नझरबायेव्ह यांचे नवे सरकार, ज्याच्याकडे स्वतःचे चलनसुद्धा अजून नव्हते. ६ एप्रिल १९९३ रोजी अल्माटीत ४० वर्षांचा करार झाला आणि 'तेंगिझशेव्हरॉइल' ही संयुक्त कंपनी जन्मली. सुरुवातीला हिस्से निम्मे-निम्मे होते. पुढे पैशांची निकड भागवायला सरकारने १९९६ मध्ये आपल्यातले २५ टक्के मोबिलला विकले. आज शेव्हरॉन ५०, एक्सॉनमोबिल २५, सरकारी काझमुनायगाझ २० आणि रशियाची लुकॉइल ५ टक्के अशी वाटणी आहे. तिजोरी रिकामी असताना केलेला सौदा, असे म्हणून आज कझाक नागरिक त्यावर टीका करतात. ती टीका मला समजते, पण त्या वर्षी त्या सरकारच्या हातात दुसरे फार काही नव्हते.

करार झाला, तेल वर आले, आणि मग खरी अडचण उभी राहिली. बाहेर जाणारा मोठा नळ एकच होता, अतिराऊ ते रशियातील समारा. रशियाने त्यावर कोटा लावला आणि तेंगिझच्या तेलातल्या दुर्गंधी गंधकसंयुगांवर हरकत घेतली. उत्पादन आखडते घ्यावे लागले. काही तेल रेल्वेच्या टाकीवाघिणींतून, काही कॅस्पियन ओलांडून बाकूमार्गे असे तुकड्यातुकड्याने जाऊ लागले. स्वतंत्र नळ टाकण्यासाठी १९९२ मध्ये कझाकस्तान, रशिया आणि ओमान यांनी 'कॅस्पियन पाइपलाइन कन्सोर्शियम' स्थापले होते, पण पैसा कोणी घालायचा यावरून शेव्हरॉन आणि ओमानच्या बाजूचे जुळेना. १९९६ मध्ये फेरमांडणी झाली. निम्मी मालकी तीन सरकारांकडे, निम्मी तेलकंपन्यांकडे, आणि बांधकामाचा खर्च कंपन्यांच्या गळ्यात. तेंगिझ ते काळ्या समुद्रावरचे नोव्होरोसिस्क हा १,५११ किलोमीटरचा नळ २००१ मध्ये सुरू झाला. तेंगिझचे उत्पादन खऱ्या अर्थाने वाढू शकले ते त्यानंतरच. पण नळाचा बराचसा भाग आणि शेवटचे बंदर रशियातच राहिले.

कराचागानाकची हकिकत थोडक्यात सांगता येते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथे उत्पादन वाटणी करार झाला. आज शेल, एनी, शेव्हरॉन, लुकॉइल आणि काझमुनायगाझ भागीदार आहेत. तिथल्या वायूचा मोठा भाग प्रक्रियेसाठी रशियातल्या ओरेनबुर्गला जातो. म्हणजे वाट पुन्हा तीच.

तिसरे क्षेत्र कशागान. एका जुन्या कझाक लोककवीचे नाव मिळालेले हे क्षेत्र उत्तर कॅस्पियनखाली २००० मध्ये सापडले. पाणी जेमतेम तीन-चार मीटर, हिवाळ्यात सगळे गोठते, आणि तेल समुद्रतळाखाली चार किलोमीटरहून खोल. तेल काढायचे नेहमीचे समुद्री फलाट बर्फाच्या रेट्यापुढे टिकणार नाहीत म्हणून दगडमातीची कृत्रिम बेटे बांधली. २००५ मध्ये यायचे तेल सप्टेंबर २०१३ मध्ये आले, आणि काही आठवड्यांत नळांना तडे गेले. विषारी वायूने पोलाद ठिसूळ केले होते. सुमारे २०० किलोमीटर नळ बदलून २०१६ च्या शरद ऋतूत काम पुन्हा सुरू झाले. खर्च ५० अब्ज डॉलरच्या घरात गेला. उत्पादन वाटणी करारात कंपन्या आपला खर्च आधी वसूल करून घेतात. म्हणून वाढलेला प्रत्येक डॉलर कझाक तिजोरीतल्या नफ्याचा दिवस पुढे ढकलत होता. या रागातूनच २००७ मध्ये सरकारला करार मोडण्याचे अधिकार देणारा कायदा आला आणि पुढच्या वर्षीच्या तडजोडीत काझमुनायगाझचा वाटा दुपटीने वाढून १६.८१ टक्के झाला.

कशागानशी भारताचाही संबंध येता येता राहिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोनोकोफिलिप्सचा तिथला ८.४ टक्के हिस्सा सुमारे ५ अब्ज डॉलरना घेण्याचे ओएनजीसी विदेशने ठरवले. वडिलोपार्जित जमिनीत एका भावाने आपला वाटा विकायला काढला की बाकीच्यांना पहिला हक्क असतो, तसाच हक्क कझाक सरकारने जुलै २०१३ मध्ये वापरला. हिस्सा स्वतः घेतला आणि सप्टेंबरमध्ये शी जिनपिंग अस्तानात आले असताना जवळपास तेवढाच वाटा चीनच्या सीएनपीसीला दिला. चीनकडे जाणारा नळ तोवर तयार होता. आपल्याकडून तिथे जायला तशी सोपी वाट नव्हतीच.

या आकड्यांच्या गर्दीत दोन गावे विसरली जातात, ती विसरू नयेत असे मला वाटते. तेंगिझजवळचे सारीकामिस गाव २००० च्या दशकात उठवावे लागले. कराचागानाकजवळच्या बेरेझोव्का गावात नोव्हेंबर २०१४ मध्ये शाळेतली मुले भोवळ येऊन पडली. गावकरी कित्येक वर्षे स्थलांतर मागत होते. ते या घटनेनंतर झाले.

तेंगिझच्या विस्ताराला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३६.८ अब्ज डॉलर होता, तो पुढे ४८ अब्जांवर गेला. कोरियात आणि इटलीत बांधलेली इमारतीएवढी यंत्रे रशियाच्या नद्या-कालव्यांतून आणली, आणि कालवे गोठत असल्याने वर्षातले मोजके महिनेच त्यासाठी मिळत. जानेवारी २०२५ मध्ये विस्तारातून तेल सुरू झाले.

तोवर नळाच्या दुसऱ्या टोकाला रशिया-युक्रेन युद्ध येऊन ठेपले होते. मार्च २०२२ मध्ये नोव्होरोसिस्कजवळ टँकर भरणाऱ्या तीनपैकी दोन बोयांचे (समुद्रात तरंगणाऱ्या नांगरलेल्या पिंपांचे) वादळाने नुकसान झाले. जुलैमध्ये कझाक राष्ट्राध्यक्ष तोकायेव्ह यांनी युरोपला ऊर्जापुरवठ्यात मदतीची तयारी दाखवली आणि लगेच एका रशियन न्यायालयाने कागदपत्रांतल्या त्रुटींवरून नळ ३० दिवस बंद ठेवण्याचा हुकूम दिला. अपिलात त्याचा २ लाख रूबल दंड झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नळावरच्या क्रोपोत्किन्स्काया पंपिंग स्टेशनवर ड्रोन आदळले.

तेंगिझचा करार २०३३ मध्ये संपतो. कराचागानाक आणि कशागानच्या भागीदारांवर सरकारने अब्जावधी डॉलरचे लवादाचे दावे लावले आहेत आणि नवे करार अधिक चांगल्या अटींवर हवेत असे तोकायेव्ह उघड सांगतात. दरम्यान अकताऊ बंदरातून टँकरने बाकूला आणि तिथून तुर्कस्तानच्या जेहान बंदराकडे तेल पाठवण्याचा २०२२ चा करार आहे वर्षाला १५ लाख टनांचा. नोव्होरोसिस्कच्या नळातून कझाक तेल जाते वर्षाला ५ कोटी टनांहून अधिक. आणि कॅस्पियनचे पाणी तर दरवर्षी ओसरते आहे.