फाइलच्या आत दुसरी विंडोज : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संगणकावर दुसरी विंडोज हवी, परंतु त्यासाठी हार्ड डिस्कचे नव्याने पार्टिशन (म्हणजे वेगळे भाग) करून वर्षानुवर्षांचा डेटा धोक्यात घालायचा नाही, अशी अडचण घेऊन सीताबर्डीतील आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांना आम्ही व्हीएचडीएक्स पद्धत सुचवतो. हिच्यात सध्याच्याच पार्टिशनवर एक मोठी फाइल तयार करून नवी विंडोज त्या फाइलमध्ये बसवली जाते आणि संगणक सुरू होताना जुनी की नवी, हे विचारले जाते. नवी निवडली की ती फाइल स्वतंत्र डिस्कप्रमाणे उघडते. हे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे चालू विंडोजच्या आत चालणारा आभासी संगणक, नव्हे. प्रोसेसर व रॅम पूर्णपणे नव्या विंडोजलाच मिळतात. परवाना मात्र वेगळा लागतो.

उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी अशीच सोय वुबी या नावाने २००८ मध्ये आली होती, परंतु २०१३ च्या १३.०४ आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे उबुंटू हवे असल्यास स्वतंत्र पार्टिशनच करावे, असे आमचे मत आहे.

जागेच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. गरजेनुसार वाढणारी फाइल सुरुवातीला लहान दिसते, परंतु तिच्यातून विंडोज सुरू होताना ती ठरवलेल्या पूर्ण आकाराची होते. आकार ८० जीबी ठरवला असेल आणि पार्टिशनवर तेवढी जागा शिल्लक नसेल, तर निळा पडदा येऊन संगणक थांबतो. म्हणून आम्ही सुरुवातीपासूनच ठरावीक आकाराची फाइल बनवतो, शिवाय पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यास विंडोज वापरते ती फाइल) मूळ पार्टिशनवर तयार होत असल्याने तिच्यासाठीही जागा राखतो. ज्या पार्टिशनवर ही फाइल ठेवायची, त्यावर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असता कामा नये. कार्यालयीन लॅपटॉपवर तो पुष्कळदा आधीच चालू असतो, तेव्हा ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की सोबत आणावी. नव्या विंडोजमध्ये हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून संगणक बंद करणे) वापरता येत नाही.

आम्हाला खरी काळजी विजेची वाटते. मे महिन्यात दुपारनंतर वादळ आले की नागपुरात वीज अचानक जाते, आणि त्या क्षणी लिहिणे चालू असेल तर फाइलच्या आतली व बाहेरच्या पार्टिशनची अशा दोन्ही फाइल सिस्टीमना (फाइलींची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थांना) इजा पोहोचू शकते. ही फाइल बिघडली तर आतले सर्वच अडकते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर हे काम करून घेऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. बॅकअप मात्र सोपा आहे: जुनी विंडोज सुरू करून ती एकच फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवावी.

नवी विंडोज पुढे नकोशी झाल्यास जुनीत येऊन आधी बूट मेनूतील तिची नोंद काढावी, आतली कागदपत्रे बाहेर घ्यावीत आणि मगच फाइल पुसावी.