गजकर्णाची कॅप्सूल आणि सकाळचा काढा

गजकर्ण, नायटा हे प्रकरण पूर्वी मलमावर निभावायचं. अलीकडे मात्र ते फार चिवट झालंय. २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने वेगळी ओळखली गेलेली बुरशी टर्बिनाफीन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला अनेकदा दाद देत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल कित्येक आठवडे देतात. इतके आठवडे म्हटल्यावर माणूस नुसत्या कॅप्सूलवर थोडाच राहतो? पित्ताची पावडर, हळदीच्या गोळ्या, कोणीतरी सुचवलेलं ‘लिव्हरचं टॉनिक’, घरचा काढा, सगळं सोबतीला येतं. डॉक्टरांनी ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ विचारलं तरी उत्तर ‘नाही’च असतं. काढ्याला औषधात धरतंय कोण!

पहिली गडबड जठरातच होते. ही कॅप्सूल नीट विरघळायला आम्ल लागतं, म्हणून ती जेवणानंतर लगेच घ्यायला सांगतात. शंखभस्म, शौक्तिक भस्म, कपर्दिक भस्म म्हणजे शंख, शिंपले, कवड्या भाजून केलेले मुख्यतः कॅल्शियमचे क्षार. ते आम्ल मारतात, म्हणून तर पित्तावर आराम पडतो. पण आम्लच मेलं तर कॅप्सूलमधलं औषध पुरेसं रक्तात उतरत नाही. अँटासिड घ्यायचंच असेल तर कॅप्सूलच्या किमान १ तास आधी किंवा २ तासांनंतर, असा नियम आहे. भस्मांनाही तोच लावावा, हे रसायनशास्त्राला धरून आहे. नाहीतर चट्टे तसेच राहतात आणि लोक डॉक्टर बदलतात.

खरी मेख आहे यकृतात. बुरशीच्या पेशीचं आवरण टिकतं ते एर्गोस्टेरॉल या मेदावर. ते तयार करणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यात लोहाचा अणू असतो. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पॉसाकोनॅझोल ही ‘अॅझोल’ औषधं नेमकी त्या लोहाला चिकटतात आणि काम ठप्प करतात. हा विकर सायटोक्रोम पी-४५० या कुळातला. त्याच कुळातले भाऊबंद आपल्या यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात बसलेले आहेत. त्यातला सीवायपी-३ए४ हा बाजारातल्या औषधांचा मोठा हिस्सा मोडून काढतो. बुरशीचा विकर धरायला गेलेलं औषध त्यालाही धरतं, मग तो मोडणारी बाकीची औषधं रक्तात साठत जातात. म्हणजे औषधांच्या कारभारात लुडबुड करणं हे अॅझोलच्या मूळ स्वभावातच आहे.

रेड यीस्ट राइसचंच घ्या. कोलेस्टेरॉलसाठी ‘नैसर्गिक’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, बुरशीने आंबवलेल्या या लाल तांदळाच्या गोळ्यांत मोनाकोलिन-के असतं, आणि मोनाकोलिन-के म्हणजेच लोव्हास्टॅटिन. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं तेच रसायन! इट्राकोनॅझोलबरोबर लोव्हास्टॅटिन घेतल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण वीसपटीहून जास्त वाढल्याचं १९९६ मध्येच दिसलं होतं. त्यातून स्नायू विरघळू लागतात, लघवी गडद होते, मूत्रपिंडावर बेततं. ही जोडी डॉक्टर कधीच लिहून देणार नाहीत. पण बाटलीवर वनस्पतीचं चित्र असलं की रुग्ण ती स्वतःच जुळवतो.

उलटा खेळ सेंट जॉन्स वर्टचा. जर्मनीत सौम्य नैराश्यावर ही वनस्पती सर्रास दिली जाते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. तिच्यातलं हायपरफोरिन यकृताला औषधं मोडणारे विकर जादा बनवायला लावतं. निरोगी माणसांनी ती १५ दिवस घेतली, तेव्हा व्होरिकोनॅझोलचा शरीराला मिळणारा एकूण वाटा ५९ टक्क्यांनी घटला. फुप्फुसात बुरशी पसरलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा आकडा जिवावरचा आहे.

आणि आपलं ज्येष्ठमध? २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ने, महाराष्ट्र हादरला, त्याच काळात घरोघरी काढे उकळत होते आणि त्यांत ज्येष्ठमध हमखास असायचं. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातला कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारा विकर अडतो. शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, रक्तदाब चढतो. म्युकरवर दिलं जाणारं अँफोटेरिसिनही पोटॅशियम घालवतं. पॉसाकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल काही रुग्णांत अगदी ज्येष्ठमधासारखाच परिणाम घडवतात. औषध आणि काढा दोन्हींची भर पडली तर पाय गळून जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. घसा बसला म्हणून एखादी कांडी चघळणं वेगळं. रोजचा पेलाभर दाट काढा वेगळा.

हळदीचंही तेच. फोडणीतली चिमूटभर हळद कोणाचं काही बिघडवत नाही. गोळ्यांत मात्र अर्क असतो आणि तो रक्तात जास्त उतरावा म्हणून मिऱ्यातलं पायपेरिन घातलेलं असतं. हे पायपेरिन किती जोरदार, तर जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून २००९ मध्ये बाजारात आलेल्या क्षयाच्या गोळीत १० मिलिग्रॅम पायपेरिनच्या जोरावर रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमवर आणलं गेलं. हळदीच्या अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याचे रुग्ण अमेरिकेत नोंदले गेलेत. गुळवेलीबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असेच ६ रुग्ण मांडले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद राहू दे. पण अॅझोल स्वतःच यकृताला त्रास देऊ शकतात, म्हणूनच मधूनमधून रक्त तपासायला सांगतात. त्या काळात असलं काही चालू असेल आणि एन्झाइम वाढले, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही.

कॅप्सूल बंद केली की मामला मिटला, असंही नाही. नखात इट्राकोनॅझोल महिनोन् महिने राहतं, आणि रक्तातून पुरतं जायला १ ते २ आठवडे लागतात. लाल तांदळाची बाटली तोवर बंदच ठेवावी.