पॉलिमर, सिरॅमिक आणि कंपोझिट (अभियांत्रिकी मटेरियल्स)

इंजिनिअरिंगमध्ये धातू बाजूला काढले की उरणारी तीन मोठी घराणी म्हणजे पॉलिमर (प्लास्टिक, रेझिन वगैरे), सिरॅमिक (भाजलेली माती, ॲल्युमिना वगैरे) आणि कंपोझिट (तंतू आणि रेझिनसारखी जोडी). बेळगाव म्हटलं की उद्यमबाग, मच्छे इथल्या औद्योगिक वसाहती, फाउंड्र्या आणि लेथ, म्हणजे सगळा लोखंडाचाच कारभार असं वाटतं. पण ते लोखंड वितळतंय सिरॅमिकच्या अस्तरात आणि कास्टिंगमधली पोकळी तयार होतेय रेझिन लावलेल्या वाळूच्या कोअरवर (साच्यातल्या गाभ्यावर), त्यामुळे ही मंडळी आपल्याकडे कधीपासून कामाला आहेत. यांची ताकद किती हे विचारण्याआधी ते मोडतात कसे हे विचारावं. माइल्ड स्टील आधी वाकतं, ताणतं, मग तुटतं, म्हणजे सांगून जातं (बीडाचं कास्टिंग सोडा, ते आपलं न सांगताच तुटतं). या तिघांचं तसं नाही, प्रत्येकाची मोडायची तऱ्हा वेगळी.

सिरॅमिकपासून सुरू करू, कारण खानापूर जवळ आहे. खानापूरची माती, कौलं आणि मडकी आपल्याकडे माहीत नाहीत असं घर नसेल, खादी ग्रामोद्योग आयोगाचं सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूटसुद्धा तिथंच आहे. मडकं घेताना बाई टिचकी मारून बघतात, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे. वर्कशॉपमध्ये नवीन ग्राइंडिंग व्हील बसवायच्या आधी ते बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकतात ती हीच परीक्षा. सिरॅमिकमध्ये अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, सहजासहजी घसरत नाहीत, त्यामुळे कंपन आत फारसं जिरत नाही आणि आवाज लांबतो. चीर असली की तिच्या दोन बाजू एकमेकींवर घासून आवाज जिरवतात. मात्र रेझिन बाँडचं व्हील चांगलं असूनही काचेरी बाँडच्या व्हीलसारखं वाजत नाही, कारण मधलं पॉलिमर कंपन खाऊन टाकतं. हे माहीत नसलेला पोरगा चांगलं व्हील परत पाठवतो.

अणू घसरत नाहीत हाच गुण आणि तोच अवगुण. ॲल्युमिना घ्या, यमनापूरला हिंडाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून काढतो तोच, त्यातले स्पेशल ग्रेड रिफ्रॅक्टरी आणि सिरॅमिकला जातात. २०५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, मोहच्या १ ते १० च्या स्केलवर कडकपणा ९, वीज जाऊ देत नाही, म्हणून स्पार्क प्लगचं पांढरं अंग त्याचं असतंय. पण चिरेला अडवायची ताकद, म्हणजे फ्रॅक्चर टफनेस, जेमतेम ३ ते ५ (मेगापास्कल रूट मीटरमध्ये), तिथं साध्या स्टीलची ५० च्या वर. चिरेच्या टोकावर ताण गोळा होतो आणि स्टील तिथं थोडं वाकून तो ताण बोथट करतं, सिरॅमिकला ते जमत नाही. हा हिशोब ग्रिफिथने १९२१ मध्ये काचेवर मांडला. म्हणून सिरॅमिकला दाबा पण ओढू नका, दाब ते ओढीच्या साधारण दहापट सोसतं. आणि एकाच भट्टीतल्या दोन तुकड्यांची ताकदसुद्धा सारखी नसते, कुणात चीर कुठे लपलीय त्यावर सगळं, म्हणून इथं एक आकडा चालत नाही, वेबुलचं संभाव्यतेचं गणित लावावं लागतं.

इंडक्शन फर्नेसचं (विजेच्या कॉइलने धातू वितळवायच्या भट्टीचं) अस्तर हा या सगळ्याचा रोजचा धडा. क्वार्ट्झची रॅमिंग मास (ठोकून बसवायची भुकटी) आणि थोडं बोरिक ॲसिड, कोरडंच ठोकून बसवतात आणि मग सावकाश तापवतात. घाई करायची नाही, कारण ५७३ अंशाला क्वार्ट्झची रचना बदलते आणि ते एकदम फुगतं. पहिल्या हीटमध्ये (पहिल्यांदा लोखंड वितळवताना) धातूकडचा थर भाजून दगडासारखा होतो, त्यामागचा अर्धवट, आणि कॉइलकडचा मुद्दाम सुटाच ठेवतात, म्हणजे पुढे चीर पडली तरी लोखंड त्या भुकटीत अडकून थांबतं. पावसाळ्यात मास ओली झाली तर मात्र वाफेने घात होतो, तेवढं सांभाळायचं. मँगनीज स्टील वितळवायचं असेल तर हे अस्तर चालत नाही, मँगनीजचं ऑक्साइड सिलिकाला खातं.

पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे रेणू. थर्मोप्लास्टिक गुळासारखं, तापवलं की पातळ, गार केलं की घट्ट, परत तापवा परत पातळ. थर्मोसेट आपल्या बेळगावी कुंद्यासारखा (दूध आटवून केलेली मिठाई), एकदा झाला की त्याचं परत दूध होत नाही. १९०७ चं बेकेलाइट हे दुसऱ्या जातीचं, आणि त्याच फिनॉलिक घराण्यातलं रेझिन शेल सँडच्या (कोअरसाठीच्या वाळूच्या) कणांवर असतंय. गरम कोअर बॉक्समध्ये ते पक्कं होतं आणि नंतर आत बीडाचा रस आला की जळून जातं, म्हणून वाळू आपोआप सुटून बाहेर पडते. पॉलिमरला उष्णता सोसत नाही ही तक्रार असते, इथं त्याच दोषावर काम चाललंय! एरवी मात्र तो दोषच, पीव्हीसी ८० अंशाच्या जवळ मऊ पडतं, आणि कायम भार ठेवला तर पॉलिमर गार असतानासुद्धा हळूहळू लांबत जातं, याला क्रीप म्हणतात. नायलॉन ६ तर पाणी पितं, भिजत ठेवलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याने फुगतं. उन्हाळ्यात नेमकं बसवलेलं नायलॉनचं बुश खानापूरच्या पावसात शाफ्टला आवळून धरतं, म्हणून क्लिअरन्स (मधली मोकळी जागा) आधीच जास्त ठेवतात किंवा सरळ ॲसिटल हे कमी पाणी पिणारं प्लास्टिक वापरतात.

कंपोझिट म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांचं लग्न. मातीत गवत, भुसा कालवून भिंत घालायची पद्धत हीच. तंतू ओढ घेतो, मॅट्रिक्स (भोवतालचं रेझिन किंवा माती) त्याला जागेवर धरतं आणि भार एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतं. कार्बन फायबरचा नेहमीचा तंतू स्टीलपेक्षा थोडा जास्तच ताठ (२३० गिगापास्कल, स्टीलचं २००) आणि वजनाला चौथा हिस्सा, पण हा आकडा फक्त तंतूच्या दिशेने, आणि रेझिन मिसळल्यावर तोही उतरतो. आडव्या दिशेने निव्वळ रेझिनच्या भरवशावर असतो, त्यामुळे थर वेगवेगळ्या कोनात टाकावे लागतात. बोइंग ७८७ चं निम्मं वजन कंपोझिटचं आहे. तिथं कार्बनला ॲल्युमिनियम चिकटून ठेवलं आणि ओल लागली तर बॅटरीसारखा सेल तयार होऊन ॲल्युमिनियम कुजतं, म्हणून बोल्ट टायटॅनियमचे. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) कामाला लागलेल्या पोरांना हे शॉपवरच कळलेलं असेल.

कंपोझिटची मोडायची तऱ्हा सगळ्यात फसवी. हातातला पाना पडला तर वर ओरखडाही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असतात. तपासणीवाला नाणं घेऊन पॅनलवर टकटक करत जातो, बद्द वाजलं तिथे खूण करतो आणि मग अल्ट्रासाउंड लावतो. मडक्याचीच टिचकी. फरक एवढाच की फाउंड्रीत रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत भट्टीत टाकता येतं, एफआरपीचं (तंतू घातलेल्या थर्मोसेट प्लास्टिकचं) रिजेक्ट वितळतच नाही, ते कंपाउंडच्या कोपऱ्यात पडून राहतंय.