टाकी फुल, हिशेब कच्चा

"स्कूटर लिटरला पंचेचाळीस द्यायची, आता छत्तीसवर आली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, वीस टक्के ॲव्हरेज खल्लास. जमला की नाही हिशेब?" सोसायटीतल्या एका काकांनी पार्किंगमध्येच गाठलं आणि डिकीतून वही काढली. वही बघून मला आनंदच झाला. एरवी लोक दोनशेचं टाकतात आणि ॲव्हरेज मनानेच सांगतात.

हिशेब मात्र जमत नाही. इथेनॉल म्हणजे पाणी नव्हे, तेही जळतं. लिटरभर पेट्रोलमधून साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथेनॉलमधून २१. म्हणजे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. त्यातही आपण २०२५मध्ये २० टक्क्यांवर पोचलो त्याआधी १० टक्के इथेनॉल होतंच. त्या तुलनेत घट साडेतीन टक्के. पंचेचाळीसचे साडेत्रेचाळीस व्हावेत. इंजिन जुनं असेल तर थोडं इकडेतिकडे.

आता हा दीड किलोमीटर पकडायचा कसा? टाकी फुल करायची, पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची आणि मधले किलोमीटर या दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागायचे. पण फुल म्हणजे किती? सगळी गंमत पंपावरच्या नोझलमध्ये आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. तिथून एक नळी आत, पेट्रोलचा मार्ग अरुंद होतो तिथे जाते. अरुंद जागेत प्रवाहाचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि नळीतून हवा ओढली जाते. टाकी भरत येऊन भोक पेट्रोलखाली गेलं की हवा बंद. आतला दाब एकदम घसरतो, रबरी पडदा खेचला जातो, खटका सुटतो, झडप मिटते. 'खट्' असा आवाज येतो तो हाच. ना वीज, ना सेन्सर!

पण या भोकाला टाकी भरली का हे कळत नाही. आपण बुडालो एवढंच कळतं. नोझल दोन बोटं वर धरलं, स्कूटर साइड स्टँडवर कलली, फेस आला, की पातळी बदलली. समजा २०० मिलीचा फरक पडला. १८० किलोमीटर आणि ४ लिटर, म्हणजे ४५. पण ४.२ भरलं तर ४३, ३.८ भरलं तर ४७. आपला दीड किलोमीटर यात कुठल्या कुठे बुडाला. (पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून 'फरक पडला' म्हणणारे याच फरकावर खूश असतात.)

मात्र ही चूक साठत नाही. आज २०० मिली जास्त गेलं तर पुढच्या वेळी तेवढंच कमी मावतं. दहा वेळा टाकी फुल केली तरी मधल्या सगळ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उरतो पहिल्या आणि शेवटच्या पातळीतला फरक. ४० लिटरमध्ये २०० मिली म्हणजे अर्धा टक्का. आता साडेतीन टक्के दिसू शकतात. अर्थात टायरमधली हवा आणि रोजचा रस्ता तोच हवा.

काकांच्या वहीत सहा नोंदी होत्या, सगळ्या टाकी फुलच्या, दर वेळी ४ लिटर. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत ८७० किलोमीटर. काकांनी भागले २४ने. पण पहिले ४ लिटर त्याआधी पळालेल्या किलोमीटरांची भरपाई होते. मी त्यांच्याच पेनाने ते खोडले आणि २०ने भागलं. साडेत्रेचाळीस.