मामाच्या अडतीवरचा कॉम्प्युटर आणि शेजारच्या घराची कडी

दसऱ्याला सांगलीच्या मार्केट यार्डात मामाच्या अडतीवर गेलो होतो. वजनकाटा, तिजोरी, खातेवही आणि दिवाणजींचा कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. त्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे आणि बाराच दिवसांनी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या देणं, थांबवला. मामाला सांगितलं तर म्हणाला, "अरे चालतंय की चांगलं, कुठं बंद पडलाय? कशाला हात लावायचा?"

खरंय, चालतोय. सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, म्हणूनच लोकांना वाटतं की ही नवीन माल खपवायची युक्ती आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळं धडधाकट मशिनंही बाद ठरतात, त्याचा राग मलाही येतो. पण "आजवर काही झालं नाही, पुढंही होणार नाही" हा हिशोब इथं चुकतो, कारण जुन्या व्हर्जनमधलं एक अक्षरही बदललं नाही तरी त्याचा धोका महिन्यागणिक वाढत जातो. कसा, ते सांगतो.

समजा विश्रामबागेत एकाच मिस्त्रीनं एकाच नकाशावर दहा घरं बांधली. एका मालकाला कळलं की मागच्या दाराची कडी बाहेरून सळई घालून निघते, त्यानं ती बदलून घेतली. चोरानं काय बघितलं? नवी कडी. त्याला लगेच कळलं की इथं काहीतरी कच्चं होतं आणि उरलेल्या नऊ घरांत ते अजून तसंच आहे. त्या नऊ घरांत कुणी काहीच केलं नाही, पण कालच्यापेक्षा आज ती जास्त उघडी आहेत.

विंडोजचंही असंच आहे. नवीन व्हर्जन कोऱ्या कागदावर कुणी लिहीत नाही, जुना कोड बराचसा तसाच पुढं येतो. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सोडते, हा शिरस्ता २००३ पासूनचा. अपडेट आला की जगभरचे अभ्यासक आणि चोर दोघंही एकच काम करतात, कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी शेजारी ठेवून कुठं फरक पडलाय ते शोधतात. त्यासाठी बिनडिफसारखी तयार सॉफ्टवेअर फुकट मिळतात. हजारो फंक्शनमधली, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या तुकड्यांमधली, चार-दोनच बदललेली निघतात, म्हणजे रोग तिथंच होता. आता विंडोज ११ च्या अपडेटमध्ये दिसलेली चूक विंडोज १० मध्येही असली तर तिथं ती बुजवलेली नसणार.

अशी एक चूक आतून कशी दिसते ते बघण्यासारखं आहे. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये वर्षानुवर्षं एक चूक होती. आलेल्या माहितीची लांबी एका चार बाइटच्या आकड्यात ठेवलेली असायची, त्यातला काही भाग अवैध निघाला की ती लांबी कमी करून परत लिहायची, पण लिहिताना फक्त खालचे दोन बाइट लिहिले जायचे. दिवाणजींच्या वहीत बघा. १००० लिहिलंय, ते ९५० करायचंय, दिवाणजींनी शेवटचे तीन आकडे खोडून ९५० लिहिलं आणि पुढचा १ खोडायचा राहिला, झाले १९५०! कमी करायला गेले आणि जवळजवळ दुप्पट झालं. कॉम्प्युटरमध्ये ६५,५३६ चे ६५,३७३ करायला गेलं तर १,३०,९०९ होतात, कारण वरच्या दोन बाइटमधला १ तसाच राहतो. मग छोट्या जागेत मोठी माहिती ओतली जाते, ती शेजारच्या मेमरीत सांडते आणि त्या सांडण्यातूनच बाहेरचा माणूस आपल्याला हवं ते चालवून घेतो.

ही चूक २००१ च्या विंडोज एक्सपीतही होती आणि २००९ च्या विंडोज ७ मध्येही. १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती आली, पण एक्सपीला नाही, त्याचा सपोर्ट २०१४ लाच संपला होता. इथं चोरांना फायली ताडून बघायचीही गरज पडली नाही, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं याच चुकीवर गुपचूप बनवलेलं हत्यार १४ एप्रिलला इंटरनेटवर फुटलं. १२ मेला तेच हत्यार घेऊन वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला, फायली कुलपात टाकून खंडणी मागणारा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांमध्ये पेशंटांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते तरी ज्यांनी ती घेतली नाही तेच बळी पडले, त्यात विंडोज ७ वाले सर्वात जास्त. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टनं अपवाद म्हणून दुरुस्ती दिली ती हल्ला झाल्यावर.

कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहायला माझी हरकत नाही, वर्षभर ज्यानं काम केलं त्याचे आभार मानावेत. पण मॉनिटरला लिंबू-मिरची बांधून चोर थांबत नाही, आणि "तुमच्या मोबाइलमध्ये ८ व्हायरस सापडले" म्हणणारं क्लीनर ॲप घेऊनही थांबत नाही. बरेचदा ते ॲपच उपद्रवी असतं.

मग कंपनीनं कायम दुरुस्त्या का देऊ नयेत? कारण प्रत्येक दुरुस्ती प्रत्येक जुन्या व्हर्जनवर, नाना प्रिंटर आणि नाना सॉफ्टवेअरसोबत तपासावी लागते, आणि घाईत सोडलेला अपडेट स्वतःच घात करतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं सुमारे ८५ लाख मशिन एकदम आडवी झाली, विमानं अडकली. घरच्या विंडोज १० साठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. पण ज्यांनी नाव नोंदवलं नाही त्यांच्यासाठी ही आणखी वाईट बातमी आहे, कारण आता चोराला ताडून बघायला खुद्द विंडोज १० चीच नवी फाइल मिळते.

हे सगळं खातेवही पुढ्यात घेऊन, तो १ बोटानं दाखवत मामाला सांगितलं तेव्हा त्याला पटलं. नवीन कॉम्प्युटर तो हळदीचा सीझन झाल्यावर घेणार आहे. तोवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि खाती रोज संध्याकाळी वेगळ्या डिस्कवर उतरवायची, डिस्क काढून तिजोरीत ठेवायची आणि बँकेचं काम त्या कॉम्प्युटरवर करायचं नाही असं ठरलं. सपोर्ट संपल्यानंतरचा अपडेटचा पहिला मंगळवार ११ नोव्हेंबरला होता, आपल्याकडे अपडेट सुटायला रात्रीचे साडेअकरा होणार होते. त्या दिवशी दुपारीच दिवाणजींनी नेटची वायर काढून कपाटावर ठेवली.