जामखेडपासून आशाताईपर्यंत: घरोघरच्या आरोग्यसेवेची पार्श्वभूमी

दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, घरी येते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. ती बाळाचं वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, श्वास मोजते, आईला पाजताना पाहते आणि रजिस्टरात नोंद करते. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये मिळतात. हे वेळापत्रक २०११ मध्ये केंद्र सरकारने देशभर लागू केलं. त्याची मुळं मात्र अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांमध्ये आहेत, आणि तिथे जे होतं त्यातलं सगळंच सरकारी योजनेत आलेलं नाही.

देशाच्या आरोग्यसेवेची आखणी सुचवणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ चा. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातून आली आणि १९५२ नंतर केंद्रं उभी राहू लागली. आखणी साधी होती: डॉक्टर एका ठिकाणी बसेल, रोगी चालत येईल. पण तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला तर त्याच्याकडे दोन-तीन दिवसांहून जास्त वेळ नसतो. पेरणीचे दिवस, ओढ्याला पाणी, घरात निर्णय घेणारा माणूस बाहेरगावी, एवढ्यानेही तो वेळ निघून जातो. शिवाय पहिला महिना ओली बाळंतीण आणि बाळ उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, ही रीत महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत होती. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो त्याच दिवसांत बाळ दवाखान्याच्या नजरेआड.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेलं, अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेलं हे जोडपं. तालुका अवर्षणग्रस्त, आणि लगेच पुढे १९७२ चा दुष्काळ. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, पाणी आणि अन्नाची होती. म्हणून काम सुरू झालं लहान मुलांसाठीच्या सामुदायिक स्वयंपाकघरांपासून आणि विंधन विहिरींपासून. हातपंप दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथेच यावं लागलं. आरोग्याच्या कामात जातीचा प्रश्न टाळून चालत नाही, हे इथे सुरुवातीलाच लक्षात आलं होतं.

गावात राहण्यासाठी आधी शिकलेल्या नर्स नेमून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी खेड्यात एकटी राहायला तयार नसे, आणि राहिली तरी सासूबाई तिचं ऐकत नसत. मग गावानेच निवडलेली गावातलीच बाई घ्यायचं ठरलं. बहुतेकजणी निरक्षर, पुष्कळशा दलित, काही विधवा किंवा टाकलेल्या. स्वतः मुलं वाढवलेल्या. अक्षरओळख नसल्यामुळे शिकवणं चित्रं, गाणी आणि प्रत्यक्ष पाहणं यांवर चाले.

या प्रयोगाचं सगळ्यात महत्त्वाचं अंग आहे ते प्रशिक्षणाची पद्धत. एकदा शिबिर घेऊन प्रमाणपत्र देण्याचा प्रकार नव्हता. बायका दर आठवड्याला जामखेडला येत, रात्री मुक्काम करत, दुसऱ्या दिवशी गावी परतत. आठवडाभरात कुणाला ताप आला, कोणतं मूल वजनात घसरलं, कुठली बाळंतीण अडली, हे त्या सांगत. त्या प्रसंगावरूनच पुढचा धडा. रात्री झोपायला सगळ्यांना मिळून एकच मोठी गोधडी. वेगवेगळ्या जातींच्या बायका त्या एका गोधडीखाली झोपू लागल्या, आणि गावात परतल्यावर कुठल्याही घरात शिरण्याची सवय तिथून पडली. मागे रुग्णालय होतंच. गावातल्या बाईने पाठवलेला रोगी तिथे तपासला जाई आणि ती बोलली ते बरोबर होतं हे गावाला दिसे. पगार जवळपास नाहीच. शेळ्या, भाजी, बांगड्या अशा धंद्यासाठी कर्ज मिळवून देण्यावर भर. १९७१ मध्ये या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हा आकडा वीसच्या आसपास आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातल्या प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेड होतं, आणि १९७८ च्या अल्मा आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी भाषा जगाने उचलली तिला अशा प्रयोगांचा आधार होता.

दिल्लीने ही कल्पना घाईने उचलली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने हजार लोकवस्तीमागे एक गावपातळीचा आरोग्यसेवक नेमायची योजना सुरू केली. तीन महिने प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन, थोडी औषधं. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि बरेचसे गावच्या पुढाऱ्यांच्या ओळखीतले. पुरुष बाळंतिणीच्या खोलीत जाणार कसा, हा प्रश्न आखणी करताना कुणाला पडला नसावा. तीन महिन्यांनंतर पुन्हा शिकवणं नाही, मागे उभं राहणारं रुग्णालय नाही, देखरेख कागदावर. काही वर्षांतच योजनेचं नाव दोनदा बदललं, काम बदललं नाही. नोकरीत कायम करा या मागणीपुरताच सेवक उरला आणि योजना हळूहळू विरून गेली. याच काळात, २ ऑक्टोबर १९७५ पासून, एकात्मिक बालविकास योजनेतून ३३ प्रकल्पांमध्ये अंगणवाड्या सुरू झाल्या होत्या. त्या टिकल्या, पण त्यांचा भर तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर आणि आहारावर राहिला. दोन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत स्वतः चालत येत नाही, त्यामुळे तेच सुटत गेलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. इथला मार्ग जामखेडहून वेगळा: आधी मोजायचं, मग उपाय करायचा. १९८८ पासून त्यांनी न्यूमोनियावर काम केलं. त्याची ओळख श्वासाच्या वेगावरून होते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण निरक्षर सुईणीने साठपर्यंत मोजायचं कसं? त्यासाठी एक साधं उपकरण बनवलं गेलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि ओळीत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया, औषध सुरू.

मोजणी सोपी वाटते, चुका मात्र ठरलेल्या असतात. मूल रडत असताना किंवा पीत असताना मोजलं तर आकडा वाढतो. झबलं वर न करता मोजलं तर पोटाची हालचाल दिसत नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं तर साफ चुकीचं, कारण तान्ही बाळं काही सेकंद भरभर श्वास घेतात आणि मग क्षणभर थांबतात. पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय खरा वेग कळत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा साठ किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचा. दोन्ही वेळा तसाच राहिला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर वाट पाहायची नाही.

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू ठळक दिसू लागले. १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या घरच्या देखभालीचा अभ्यास सुरू झाला, तुलनेसाठी ४७ गावं. गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळंतपणाला सुईणीबरोबर हजर राहायचं, जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचं, ऊब राखायची, आणि मग ठरलेल्या दिवशी घरी जायचं. दूध ओढणं कमी होणं, रडणं क्षीण होणं, अंग लुळं पडणं, पोट फुगणं, अंग गार किंवा गरम लागणं, छाती आत ओढली जाणं, नाळेतून पू येणं, यांपैकी दोन लक्षणं एकाच वेळी दिसली तर जंतुसंसर्ग समजायचा. दवाखान्यात न्यायला घरचे तयार नसतील तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध तिनेच सुरू करायचं. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येऊन तिच्या नोंदी तपासत. नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

घरात बदलायच्या गोष्टी तशा छोट्या होत्या, पण आजी-सासूच्या हातातल्या. जन्मल्याबरोबर अंघोळ घालायची नाही, कारण ओलं बाळ मिनिटांत गार पडतं. नाळेवर राख, हळद, तेल काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. पहिला चीक काढून टाकायचा नाही. मधाचं बोट, गुळाचं पाणी, जन्मघुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध. अडीच किलोच्या आतलं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायचं. शेक-शेगडीवर वाद घालण्यापेक्षा खोलीत धूर कोंडू नये एवढं पटवणं सोपं जातं, हे या कामातल्या प्रत्येकीला ठाऊक असतं.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालं आणि त्यातून ‘आशा’ आली. हजार लोकवस्तीमागे एक, आदिवासी भागात पाड्यागणिक. २५ ते ४५ वयाची, त्याच गावात नांदणारी. १९७७ ची पुरुषांची चूक इथे सुधारली. नवजात बाळांची देखभाल तिच्या अभ्यासक्रमात आली ती बरीचशी गडचिरोलीच्या साहित्यावरून. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळासाठी उबदार कपडा. इंजेक्शन मात्र आलं नाही. जेंटामायसिनची मुभा २०१४ मध्ये दिली गेली ती उपकेंद्रातल्या नर्सताईला. आशाने धोका ओळखायचा आणि पुढे पाठवायचं. रस्ता आणि गाडी आहे तिथे हे चालतं. भामरागड किंवा धारणीसारख्या दुर्गम तालुक्यांच्या पावसाळ्यात हीच फट मोठी होते.

दुसरा फरक पैशाचा. आशाला पगार नाही, ठरावीक मानधनाखेरीज कामागणिक मोबदला आहे. लसीकरण, संस्थेत बाळंतपण, गृहभेटी, प्रत्येकाचा वेगळा दर. ज्या कामाचं बिल निघतं ते आधी होतं, हे उघड आहे. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटी जोडल्या गेल्या, प्रत्येकी ५० रुपये. वरचा आहार सुरू होतो आणि वजनाची रेघ झुकते ते नेमके हेच महिने, म्हणून या भेटी मोलाच्या आहेत. पण एका भेटीत हात धुणं, आहार, लोहाचं औषध, जलसंजीवनी, खेळ हे सगळं बोलायला अर्धा तास लागतो आणि फॉर्म पाच मिनिटांत भरता येतो. मोबदला आणि मानधन यांसाठी महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या शेवटी संपावर गेल्या. या दोन संपांच्या मधल्या २०२२ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला होता.

जामखेडचा आठवड्याचा मुक्काम आणि गडचिरोलीचा पंधरवड्याचा पर्यवेक्षक, या दोन्हींची जागा सरकारी रचनेत गटप्रवर्तकाने घ्यायची आहे. तिच्याकडे साधारण वीस आशा असतात. भेट नीट करायची तर तिने रजिस्टरावर सही करून निघता कामा नये. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर येतो का ते पाहायचं. नोंदलेल्या दोन बाळांच्या घरी जाऊन वजन स्वतः पुन्हा घ्यायचं. शंभर ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर काटा, झोळी आणि कपडे तपासायचे. सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंडघेर डाव्या हाताच्या मध्यावर, पट्टी न आवळता मोजायचा, ११.५ सेंटीमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण. आशा श्वास मोजत असताना शेजारी बसून आपणही मोजायचे आणि आकडे जुळवायचे. आईला विचारायचं, ताई सातव्या दिवशी आली होती का आणि काय सांगून गेली. दोन घरांना मिळून तास-दीड तास जातो, आणि गटप्रवर्तकाचा भेटींचा मोबदला दौऱ्याच्या दिवसांवर ठरतो, तपासलेल्या बाळांवर नाही.